दोन बरोबर, तीन बरोबर

मराठीतला ‘बरोबर’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. गणितातलं चिन्ह म्हणजे बरोबर, उत्तर जुळलं की तेही बरोबर, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला शेजारी सोबत आला तर तोही आपल्याबरोबर. जावास्क्रिप्ट ह्या संगणकाच्या भाषेत मात्र बरोबरचे तीन प्रकार आहेत. एक चिन्ह (=) लिहिलं तर त्याचा अर्थ, ‘उजवीकडची किंमत डावीकडच्या नावात ठेव.’ दोन (==) लिहिली तर, ‘ह्या दोन गोष्टी सारख्या मानता येतील का बघ.’ आणि तीन (===) लिहिली तर, ‘ह्या दोन गोष्टी खरोखरच सारख्या आहेत का बघ, स्वतःहून काही मानून घेऊ नकोस.’

आता तुम्ही म्हणाल, ह्या पानावर एरवी जत्रा, नाटकं, जुनी वाचनालयं ह्यांच्या गोष्टी असतात. आज हे कसलं गणित काढलं? तर मंडळी, लिहिणं हा माझा छंद, पोटापाण्याचा धंदा प्रोग्रामिंगचा. आणि गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात जो वाद झाला तो वरवर संगणकाचा असला तरी मुळात शुद्धलेखनाचा होता. ‘शुद्ध’ कोण ठरवणार, कोणासाठी ठरवणार, आणि काल जे शुद्ध होतं त्याचं आज काय करायचं, हाच प्रश्न होता. तो प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. गोव्यातल्या मराठी माणसाला तर नाहीच नाही.

आधी थोडी ओळख करून देतो. प्रोग्राम लिहिताना माणसाच्या हातून बारीकसारीक चुका राहतात. त्या शोधण्यासाठी १९७८ साली बेल लॅब्जमधल्या स्टीफन जॉन्सन ह्यांनी सी भाषेसाठी एक तपासनीस प्रोग्राम तयार केला आणि त्याला नाव दिलं ‘लिंट’. लिंट म्हणजे धुतलेल्या कपड्यावर चिकटून राहणारे धाग्याचे नि कापसाचे कण. कपडा तर धुऊन झालाय, पण अंगात घालण्यापूर्वी एकदा हात फिरवून ते कण काढावेत, तसं हे काम. लिंटर प्रोग्राम चालवून बघत नाही. मुद्रितशोधक जसा पुस्तक छापण्याआधी नुसतं वाचतो, तसा तो नुसतं वाचतो आणि शंका आली तिथे रेघ मारतो.

जावास्क्रिप्टला अशा मुद्रितशोधकाची गरज जरा जास्तच. ही भाषा ब्रेंडन आइक ह्यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केपमध्ये दहा दिवसांत उभी केली. ती चालायची होती लोकांच्या ब्राउझरमध्ये, त्यामुळे लिहिणाऱ्याने थोडं चुकीचं लिहिलं तरी पान अडून राहू नये म्हणून तिचा स्वभाव सांभाळून घेण्याचा झाला. अर्धविराम द्यायचा राहिला? भाषा स्वतःच समजून घेते. नाव आधी जाहीर न करताच वापरलं? तेही चालवून घेते आणि ते नाव साऱ्या प्रोग्रामभर मोकाट सोडते. (पुढे २००९ च्या सुधारणेत कडक लिहिण्याची एक पद्धत आली, पण जुना कोड जुन्याच पद्धतीने चालतो.) ही घरातल्या आजीसारखी माया झाली. पण माया आणि हिशेब एका जागी नांदत नाहीत. दोन बरोबर चिन्हं लावली की रिकामा मजकूर आणि 0 हा आकडा सारखे ठरतात. ‘0’ हे अक्षर आणि 0 हा आकडा, हेही सारखे ठरतात. पण रिकामा मजकूर आणि ‘0’ हे अक्षर मात्र सारखे ठरत नाहीत! म्हणजे दोघं भाऊ तिसऱ्याचे सख्खे, पण एकमेकांचे कोणीच नव्हेत.

ह्यात हसण्यासारखं बरंच आहे, पण मी हसणं सोडलं ते सत्तरीतल्या एका गावच्या दूध सोसायटीमुळे. त्यांचा प्रोग्राम दुसऱ्या एका कंत्राटदाराने लिहिला होता आणि देखभालीसाठी तो आमच्याकडे आला. पद्धत अशी होती : सकाळ-संध्याकाळ दूध घालायला माणसं येतात, लिटर मोजतात, मग यंत्रावर फॅट तपासून आकडा रकान्यात भरतात. दूध पाण्याचं किंवा नासकं निघालं तर रकान्यात 0 टाकायचा, म्हणजे ‘नाकारलं’ अशी नोंद होते. तपासणी व्हायची असेल तर रकाना रिकामा ठेवायचा.

पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी वीज गेली. फॅटचं यंत्र बंद. लिटर वहीवर लिहून घेतले, नंतर ते संगणकात भरले, फॅटचा रकाना रिकामा राहिला. रात्री हिशेब बंद करताना प्रोग्रामने विचारलं, फॅट 0 च्या बरोबर आहे का? दोन चिन्हांचं बरोबर. रिकामा रकाना 0 च्या बरोबर ठरला, आणि त्या संध्याकाळी दूध घातलेल्या सगळ्यांच्या नावावर ‘दूध नाकारलं’ असं छापून आलं.

पैशांची भरपाई दुसऱ्या आठवड्यात झाली. रक्कम कितीशी असणार, कोणाचे तीन लिटर, कोणाचे चार. पण त्या गावात आम्ही गेलो तेव्हा एक आजी आपलं पुस्तक घेऊन बसल्या होत्या. बोलणं अर्थातच कोकणीतून झालं, मी त्याचा मराठीत मतलब सांगतो. त्या म्हणाल्या, ‘‘पैशांचं राहू दे रे बाबा. पण माझ्या दुधात पाणी होतं असं कागदावर लिहून ठेवलंत, ते सगळ्या गावाने वाचलं. ते आता कसं पुसणार?’’

ह्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हतं. परतताना गाडीत आमच्या टीममधली बेळगावची मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘सर, तिसरं एक चिन्ह असतं तर हे झालं नसतं की.’’ खरंच नसतं झालं. आणि ते तिसरं चिन्ह राहिलंय हे दाखवून देणारी साधनं फुकट मिळतात, कित्येक वर्षांपासून मिळतात.

तर आमच्या ऑफिसात अशी साधनं नव्हती का? होती. हाच तर घोळ होता. पर्वरीला आमचं छोटंसं ऑफिस. आम्ही सातजण : काणकोणचा एक, डिचोलीचे दोघे, बेळगावची ही मुलगी, इंदूरहून घरी बसून काम करणाऱ्या एक ताई, म्हापशाचे ज्येष्ठ सहकारी (त्यांना सगळे काका म्हणतात) आणि मी. प्रोजेक्ट चार, आणि चारांचे नियम चार. एकात अर्धविराम सक्तीचा, दुसऱ्यात वर्ज्य. एकात ओळीआधी दोन मोकळ्या जागा, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात टॅब. चौथ्यात नियमच नाहीत. सकाळी एका प्रोजेक्टात जे शाबास ते दुपारी दुसऱ्यात लाल.

आणि ज्यात नियम नव्हते तिथे नियम माणसं करत. कोणीही लिहिलेला कोड दुसरा तपासतो, ही आमच्या धंद्यातली रीत. पण तपासणारा थकलेला असला की मोठी चूक शोधण्याऐवजी डोळ्यांना सहज दिसेल ते शोधतो. ‘इथे मोकळी जागा हवी.’ ‘इथे एकेरी अवतरण दे.’ नव्या पोरांच्या कोडवर असे वीस-वीस शेरे पडत, आणि ते सगळ्यांना दिसत. डिचोलीचा एक मुलगा नुकताच कॉलेजातून आलेला. तो म्हणे घरी जाताना बसमध्ये ते शेरे पुन्हा पुन्हा वाचायचा. त्या विसांत अर्थाची चूक दाखवणारा शेरा एखादाच असे, आणि तो बाकीच्या एकोणीसांत बुडून जाई. सत्तरीहून आल्यावर ठरलं की चारही प्रोजेक्टांना मिळून एकच साधन, एकच नियमांची फाइल. कोणतं, ते सगळ्यांनी बसून ठरवायचं.

वाद तिथून सुरू झाला. पण निवड कशांतून करायची होती ते समजायला ह्या साधनांची वंशावळ थोडक्यात सांगायला हवी.

जावास्क्रिप्टचा पहिला नामांकित तपासनीस म्हणजे डग्लस क्रॉकफर्ड ह्यांचं जेएसलिंट, २००२ सालचं. क्रॉकफर्ड म्हणजे जुन्या वळणाचे मास्तर. त्यांनी भाषेतला चांगला भाग कोणता आणि टाकाऊ कोणता हे ठरवलं, आणि जेएसलिंट त्याबरहुकूम छडी घेऊन बसलं. हे साधन वापराल तर तुमचं मन दुखावेल, असा इशाराच त्यांनी देऊन ठेवला होता. त्याच्या परवान्यात बरीच वर्षं एक गमतीची अटही होती, की हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरावं, वाईटासाठी नव्हे. चांगलं कोणतं ते कोण ठरवणार, म्हणून मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी तो परवाना मुक्त मानायला नकार दिला.

मास्तरांचे सगळेच नियम सगळ्यांना पटेनात. २०११ मध्ये अँटन कोवाल्योव्ह ह्यांनी त्यातूनच फुटून जेएसहिंट काढलं, ज्यात बरेचसे नियम आपल्या मर्जीने सैल करता येत. मग २०१३ मध्ये निकोलस झाकस ह्यांचं ईएसलिंट आलं. त्याची कल्पना वेगळी. प्रत्येक नियम हा सुटा मणी. हवा तो ओवा, नको तो काढा, नसेल तर आपला नवा घडवा. प्रत्येक नियमाला तीन पायऱ्या : बंद, इशारा, चूक. त्याच सुमारास जेएससीएस नावाचं फक्त लेखनशैली तपासणारं साधन होतं, ते २०१६ मध्ये ईएसलिंटला येऊन मिळालं. टाइपस्क्रिप्टसाठी वेगळं टीएसलिंट होतं, तेही २०१९ मध्ये बाजूला होऊन ईएसलिंटची वाट मोकळी करून गेलं.

दुसऱ्या बाजूला ह्या निवडीचाच कंटाळा आलेली माणसं होती. २०१५ मध्ये फेरॉस अबूखादिजे ह्यांनी ‘स्टँडर्ड’ काढलं : नियम आम्ही ठरवलेत, अर्धविराम नाही, चर्चाही नाही. २०१७ च्या आरंभी जेम्स लाँग ह्यांचं प्रेटियर आलं. ते चुका दाखवत बसत नाही, तुमचा कोड घेतं आणि सरळ आपल्या पद्धतीने मांडून परत देतं. अलीकडचं नाव बायोम. रोम नावाचा एक मोठा प्रकल्प बंद पडल्यावर २०२३ मध्ये त्याच्यातून निघालेलं. तपासणं आणि मांडणं दोन्ही एकाच साधनात, रस्ट भाषेत लिहिलेलं, त्यामुळे झपाटा मोठा.

आमच्या बैठकीत काणकोणचा मुलगा बायोमच्या बाजूने. इंदूरच्या ताई स्टँडर्डच्या बाजूने, कारण त्यांच्या मते आधीच्या नोकरीत नियम ठरवण्यात गेलेले तास प्रोग्राम लिहिण्याच्या तासांपेक्षा जास्त भरले असते. काकांच्या जुन्या प्रोजेक्टात जेएसहिंट होतं, तेच पुढे चालू द्या असं त्यांचं म्हणणं. पण त्याला टाइपस्क्रिप्ट कळत नाही, आणि आमचे दोन प्रोजेक्ट त्यातच. बेळगावच्या मुलीने ईएसलिंट धरून ठेवलं. तिचं म्हणणं, दूध सोसायटीसारखी आमच्या कामातली चूक पकडायची तर स्वतःचा नियम लिहिता यायला हवा, आणि ईएसलिंटमध्ये तो लिहायला आपल्यापैकी चौघांना आजच येतो.

शेवटी प्रयोग करून बघायचं ठरलं. काकांच्या प्रोजेक्टावर ईएसलिंट चालवलं, कोणाच्या तरी जुन्या, भल्यामोठ्या नियमांच्या फाइलीसकट. पडदा लाल झाला. चार हजारांवर चुका. ओळींमागून ओळी सरकत राहिल्या. काका पंचावन्नच्या पुढचे. फॉक्सप्रोच्या काळापासून प्रोग्राम लिहितायत. त्यांचा तो प्रोग्राम बारा वर्षं एका मोठ्या गोदामाचा हिशेब बिनचूक सांभाळतोय. ते चष्मा काढून म्हणाले, ‘‘म्हणजे मला लिहायलाच येत नाही असं ह्याचं म्हणणं.’’ हसत म्हणाले, पण हसू ओठांपुरतंच होतं.

मला त्या क्षणी आमचे आजोबा आठवले.

आजोबा पोर्तुगीज अमदानीत मराठी शिकले. गावच्या वाचनालयाचा वार्षिक अहवाल तेच लिहायचे. अक्षर टाकासारखं, आणि अनुस्वार तर जणू अंगणात पारिजातक सांडलेला. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘पुस्तकें’. त्यांच्या शिक्षणाप्रमाणे त्यातलं प्रत्येक टिंब शुद्ध होतं. कोणतं कुठे का येतं ते त्यांना व्युत्पत्तीसकट सांगता यायचं. गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे चौदा नियम केले, १९७२ मध्ये आणखी चार घातले, मिळून अठरा. उच्चारात नसलेले अनुस्वार देऊ नयेत असं ठरलं. इकडे मुक्तीनंतर गावोगाव मराठी शाळा निघाल्या, पुढे पुस्तकं आली ती नव्या लेखनाची. मुलं ‘नाव’ लिहू लागली, आजोबा ‘नांव’ लिहीत राहिले.

आणि एका वर्षी वाचनालयाच्या नव्या, तरुण चिटणिसाने अहवालाचा मसुदा लाल शाईने टिंबं खोडून परत पाठवला. वर शेरा : ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.’ आजोबा त्यावर काही बोलले नाहीत. पण त्यानंतर वाचनालयाचा अहवाल त्यांनी कधी लिहिला नाही. घरची पत्रंसुद्धा ते माझ्या वडिलांना सांगून लिहवून घेत.

माझा अठरा नियमांवर राग नाही. उलट मी त्यांच्याच बाजूचा. जे टिंब बोलण्यात नाही ते लाखो मुलांनी पाठ करावं कशाला? नियमांनी लिहिणं सोपं केलं, इंदूरच्या, बेळगावच्या, बडोद्याच्या आणि पेडण्याच्या माणसाला एका पानावर आणलं. (काटेकोर पाहिलं तर हा लेखही त्या नियमांत बसत नाही. औपचारिक लेखनात ‘केले’, ‘झाले’ असं हवं, मी बोलल्यासारखं ‘केलं’, ‘झालं’ लिहितोय.) चूक नियमात नव्हतीच. चूक ही झाली की नवा नियम जुन्या मजकुराला लावला, आणि अर्थ न बदलणाऱ्या टिंबाला अर्थ बदलणाऱ्या चुकीइतकीच लाल शाई वापरली. आजोबांनी वाचनालयाच्या जमाखर्चात चूक केली असती तर ती दाखवणं कर्तव्यच होतं. पण जमा आणि खर्च चोख होते. अशुद्ध होतं ते फक्त टिंब.

बैठकीत मी हे सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की ह्या चार हजार चुकांचे आधी ढीग करू. दिसण्याचे नियम एका बाजूला, अर्थाचे दुसऱ्या बाजूला. दोन दिवस लागले. चार हजारांतल्या बहुतेक सगळ्या मोकळ्या जागा, अवतरणं आणि अर्धविराम निघाल्या. अर्थाच्या म्हणाव्यात अशा उरल्या तीसेक. त्यांत खरोखर कधीतरी दगा दिला असता अशा दोन, आणि त्या दोन्ही काकांच्या नव्हेत, गेल्या दोन वर्षांत इतरांनी त्यात जोडलेल्या भागातल्या. काकांनी त्या स्वतः दुरुस्त केल्या आणि दुपारी सगळ्यांना कँटीनमध्ये भजी खाऊ घातली.

ढीग करताना एक नियम मात्र कुठे टाकावा ते कळेना. ‘जर अमुक असेल तर’ असं लिहून पुढे एकच काम सांगायचं असेल, तर त्याभोवती महिरपी कंस घालावेत की न घालता चालेल? काणकोणच्या मुलाच्या मते हा दिसण्याचा नियम. त्याला ॲपलची गोष्ट सांगितली. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपलच्या सुरक्षित जोडणी तपासणाऱ्या कोडमधली एक चूक उघड झाली. भाषा सी, पण कंसांचं प्रकरण तेच. ‘जर’च्या खाली एक ओळ चुकून दोनदा आली होती. कंस नव्हते. दुसरी ओळ दिसायला ‘जर’च्या पोटात होती, प्रत्यक्षात बाहेर, त्यामुळे ती दर वेळी चालायची आणि पुढची खरी तपासणी वगळली जायची. आयफोन आणि मॅक वापरणाऱ्यांची गुप्त जोडणी मधल्या मध्ये कोणालाही भेदता यावी इतपत ही चूक मोठी होती. डोळ्यांना एक दिसतं आणि संगणक दुसरंच वाचतो, तिथे दिसणं आणि अर्थ वेगळे राहत नाहीत. कंसांचा नियम अर्थाच्या ढिगात गेला.

तर आमचा निर्णय असा झाला.

दिसण्याचे सगळे नियम प्रेटियरकडे. अर्धविराम, अवतरणं, मोकळ्या जागा ह्यांवर माणसाने माणसाला शेरा मारायचा नाही. फाइल जतन केली की कोड आपोआप नीट मांडला जातो, कोणालाही लाल रेघ दिसत नाही. (ईएसलिंटच्या लोकांनी स्वतःच २०२३ मध्ये आपले मांडणीचे नियम निवृत्त करायला घेतले, तेव्हा ह्या वाटेने आम्ही एकटे नव्हतो.) ॲपलच्या त्या ओळीसारखी ओळ अशा साधनाखालून गेली असती तर त्याने ती ओढून डावीकडे, तिच्या खऱ्या जागी आणली असती, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांत ती खुपली असती.

अर्थाचे नियम ईएसलिंटकडे. त्याचा शिफारस केलेला संच जसाच्या तसा घेतला. न जाहीर केलेली नावं, कधीच न वापरलेली नावं, जिथे प्रोग्राम पोचूच शकत नाही अशा ओळी, हे त्यात येतं. तीन बरोबर चिन्हांचा नियम मात्र त्या संचात नाही, तो आम्ही वेगळा घातला, ‘चूक’ ह्या पायरीवर. कंसांचा घातला. आणि एक आमचा स्वतःचा : मोजमापाच्या रकान्यातली किंमत रिकामी आहे का हे आधी विचारल्याशिवाय तिची आकड्याशी तुलना करायची नाही. फाइलीत प्रत्येक नियमासमोर त्याचं कारण एका ओळीत लिहिलंय. ह्या नियमासमोर बेळगावच्या मुलीने लिहिलंय, ‘दूध सोसायटी’.

जुन्या कोडचं काय? ईएसलिंटमध्ये २०२५ मध्ये एक सोय आली. आज ज्या चुका आहेत त्यांची यादी एका फाइलीत नोंदवून ठेवता येते. त्यांच्यावर रेघ येत नाही, नव्याने लिहिलेल्यावर मात्र येते. जुन्या भागाला हात लावायची वेळ आली की तेवढा भाग नीट करायचा आणि यादीतून खोडायचा. तीसांतल्या दोन आधीच गेल्या होत्या, उरलेल्या त्या यादीत नोंदवल्या. काका म्हणाले, ‘‘हे माणसासारखं झालं.’’ एखाद्या जागी नियम खरंच मोडायची गरज पडली तर मोडता येतो, पण त्याच ओळीवर कारण लिहून. ‘घाई होती’ हे कारण धरलं जात नाही.

एक सावधगिरीही घेतली. ही साधनं आपल्या संगणकावर चालतात, म्हणजे आपण त्यांना घरात घेतो. जुलै २०१८ मध्ये ईएसलिंटच्या एका घटकाची, ईएसलिंट-स्कोपची, विषारी आवृत्ती एनपीएमवर चढवली गेली होती. देखभाल करणाऱ्या एकाचा पासवर्ड दुसऱ्या जागीही वापरलेला होता, तो चोराच्या हाती लागला, आणि ती आवृत्ती उतरवून घेणाऱ्यांच्या एनपीएमच्या किल्ल्या चोरू लागली. काही तासांत ती काढली गेली. तेव्हा आवृत्ती कोणती ते आम्ही आकड्यासकट बांधून ठेवतो, आणि नवी घ्यायची की नाही हे एकच माणूस बघतो. दर सहा महिन्यांनी तो माणूस बदलतो, म्हणजे नियमांचं मास्तरपद कोणाच्या घरात वंशपरंपरेने राहत नाही.

ह्याला आता वर्ष होत आलं. चुका संपल्या असं मी म्हणणार नाही. लिंटरला कितीतरी गोष्टी कळत नाहीत. एका प्रोजेक्टात गावांची यादी आहे. त्यात कोणी ‘सांखळी’ लिहिलं, कोणी ‘साखळी’. एकाने ‘डिचोली’, दुसऱ्याने ‘दिवचल’. संगणकाच्या दृष्टीने ती चार गावं, आणि सगळी शुद्ध. तिथे गावात राहणाऱ्या माणसालाच विचारावं लागतं. तसंच हिशेबाची रीतच चुकीची समजली असेल तर तीन काय, तीस बरोबर चिन्हं लावूनही ती बरोबर होणार नाही. पण तपासणीत आता शेरे मोजके येतात आणि ते कामाचे असतात. डिचोलीच्या त्या मुलाने परवा काकांच्या कोडमध्ये एक हिशेबाची चूक दाखवली. चारचौघांत, न घाबरता. काकांनी वाचलं, मान हलवली आणि दुरुस्त केलं.

अर्धविरामाचं काय झालं, असं कोणी विचारील. प्रेटियर तो आपणहून घालतं. इंदूरच्या ताई तो न घालताच लिहितात, जतन करताना तो येऊन बसतो, आणि त्यांनी त्याबद्दल गेल्या कित्येक महिन्यांत एक अक्षर काढलेलं नाही.